एलएच : शून्य पॉइंट एक

घरात तिला सगळे छोटी म्हणायचे आणि रक्ततपासणीच्या लॅबमध्ये मॅडम. चोवीस वर्षांची झाली, स्वतःच्या पगाराचे बूट घालू लागली, तरी दादाच्या तोंडी ‘ए छोटे’ ते ‘ए छोटे’च. आणि आता त्याच दादाचा संसार मोडायला निघाला होता. बरं, दुसऱ्या कोणामुळे नाही, छोटीच्याच बडबडीमुळे.

झालं होतं असं. दादा-वहिनीच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल होत नव्हतं. सहाही वर्षं तपासण्या मात्र एकट्या वहिनीच्याच. गोळ्या तिने घेतल्या, पोटावर सुया तिने टोचून घेतल्या, शाळेत रजेचे अर्ज तिने लिहिले. (वहिनी गणित शिकवायची. तिच्या वर्गात टाचणी पडली तरी टाचणीलाच भीती वाटावी, अशी तिची ख्याती.) दादा पोहण्याचा कोच. खांदे असे की स्वयंपाकघराच्या दारातून तिरका होऊन आत यायचा. तपासणीचा विषय निघाला की तो दंड फुगवून म्हणायचा, “मला काय धाड भरलीय? बघ की!” जणू मूल दंडातून होतं!

शेवटी नवीन डॉक्टरीणबाईंनी पाय रोवले. “नवऱ्याची तपासणी झाल्याशिवाय मी तुम्हाला एकही सुई टोचणार नाही.” झाली तपासणी. शुक्राणू शून्य. पुन्हा केली. पुन्हा शून्य. मग त्यांनी दादाचं रक्त हॉर्मोनसाठी पाठवलं आणि ती नळी नेमकी छोटीच्या मशीनमध्ये आली.

एलएच शून्य पॉइंट एक. एफएसएच शून्य पॉइंट दोन. टेस्टोस्टेरॉन मात्र वरच्या मर्यादेच्या दुप्पट.

छोटीने नळीवरचं नाव पुन्हा वाचलं. कारण हे असे आकडे कोणाचे येतात, ते तिला पाठ होतं.

लॅबचा नियम साधा होता. रिपोर्ट डॉक्टरांकडे जातो, बोलायचं ते डॉक्टरांनी. पण संध्याकाळी वहिनीने ओल्या हातांनीच विचारलं, “आलं का गं काही?” आणि छोटीच्या जिभेला हाड नाही हे अख्ख्या घराला ठाऊक होतं. तिने ओट्यावर तीन वाट्या मांडल्या.

“ही वरची वाटी मेंदू. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, ती रक्तातून दोन चिठ्ठ्या पाठवते. एलएच आणि एफएसएच. खाली, या वाटीत, वृषणाच्या पेशी. आता गंमत बघ वहिनी, चिठ्ठी पेशीच्या आत जातच नाही! पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतो, चिठ्ठी तिथे नुसती टेकते. मग आत एक रेणू दुसऱ्याला ढोसतो, दुसरा तिसऱ्याला, वर्गात बाकाबाकावरून खाणाखुणा पुढे जातात ना, तसं. शेवटी निरोप पोचतो पेशीच्या केंद्रात. एक पेशी टेस्टोस्टेरॉन बनवायला लागते, शेजारची शुक्राणूंना वाढवायला लागते. आणि टेस्टोस्टेरॉन भरपूर झालं की तेच वर जाऊन मेंदूला सांगतं, ‘पुरे आता.’ मेंदू चिठ्ठ्या थांबवतो.”

“मग यांच्या चिठ्ठ्या का थांबल्या?”

“कारण टेस्टोस्टेरॉन दुप्पट आहे. मेंदूला वाटतंय खाली कारखाना जोरात चाललाय.”

“पण कारखाना तर बंद आहे.”

“हो ना. म्हणजे…”

वहिनीने तिसरी वाटी उचलली, पाण्याने भरली आणि वरून सावकाश खालच्या वाटीत ओतली. गणिताचीच बाई ती. उत्तर पूर्ण व्हायची वाट कशाला बघेल?

“म्हणजे बाहेरून कोणीतरी ओततंय,” ती म्हणाली. “जिममधली ती इंजेक्शनं.”

छोटी गप्प राहिली असती तरी निभावलं असतं. पण ती म्हणाली, “मशीन खोटं बोलत नाही, वहिनी.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तोच प्रश्न केला, “स्नायूंसाठी काही टोचून घेता का?” दादा उसळला, “शपथेवर सांगतो, नाही.” घरी येऊन वहिनीने पर्समधून बदलीचा फॉर्म काढला. शाळेची दुसरी शाखा आठ तासांवर. अर्जाची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाच.

“सहा वर्षं मी सुया टोचून घेतल्या, मूल व्हावं म्हणून,” ती दादाला म्हणाली. “आणि तुम्ही टोचून घेतल्या खांद्यांसाठी. शुक्रवारी पाचपर्यंत खरं काय ते सांगा. मी चिडणार नाही. पण खोट्यासोबत मला राहायचं नाही.”

“अगं पण मी घेतच नाही, तर सांगू काय?”

“मग मी सही करते.”

हे मंगळवारी. बुधवारी घरात कोणी कोणाशी बोललं नाही. तिघं जेवत होते, पण आवाज फक्त चमच्यांचा. गुरुवारी दुपारी छोटीने अर्धा दिवस सुट्टी टाकली आणि तडक तलावावर गेली.

क्लोरीनचा वास, ओल्या फरशा, शिट्टीचा कर्कश आवाज. दादा काठावर उभा, डोक्यावर निळी रबरी टोपी, गळ्यात शिट्टी. पाण्यात आठ-दहा पोरी हात मारत होत्या.

“पाय सरळ! बेडूक आहेस का तू?” मग छोटी दिसली. “ए छोटे, तू इथे? कोण गेलं?”

“अजून कोणी नाही. उद्या पाचला वहिनी जाणार आहे.”

त्याने शिट्टी वाजवून पोरींना बाहेर काढलं आणि तिला कोचच्या खोलीत नेलं. खोली म्हणजे एक बाक, एक आरसा आणि एक लोखंडी कपाट.

“दादा, मला सांग. मी वहिनीला नीट समजावीन. बंद केलं की होतं सुरू परत, काही महिने लागतात एवढंच. मेंदू चिठ्ठ्या पाठवायला लागतो. पण तू सांगितल्याशिवाय—”

“तूपण? तूपण, छोटे?”

“आकडे समोर आहेत!”

“खड्ड्यात गेले तुझे आकडे! वीस वर्षं पोहतोय मी. हे खांदे पाण्याने दिलेत, सुईने नाही. मला तर साधी सुई बघूनसुद्धा घाम फुटतो. रक्त काढताना डोळे मिटून पाढे म्हणत होतो, विचार त्या बाईला.” त्याने कपाट धाडकन उघडलं. “घे! शोध! सुई सापडली ना, तर मीच बदलीच्या गावाला जातो.”

आणि छोटीने खरंच शोधलं. तिला स्वतःचीच लाज वाटत होती, पण हात थांबेनात. टॉवेल, चष्मे, एक कुबट बनियन, शिट्ट्या तीन. खालच्या कप्प्यात मोज्यांची जोडी होती आणि एका मोज्यात काहीतरी खडखडलं.

दादाने झडप घातली. “ते नाही! ते ठेव!”

“काय आहे हे?”

“काही नाही. ठेव म्हणतो ना!”

म्हणजे खरंच होतं तर! दोघांची ओढाताण झाली, मोजा लांबता लांबता हातभर झाला आणि शेवटी बाटली टपकन फरशीवर पडली. गोळ्यांची. लेबलवर एका बाईचे कमरेपर्यंत केस आणि खाली मोठ्या अक्षरांत, ‘घनदाट’.

छोटी बघतच राहिली. दादा बाकावर बसला आणि त्याने टोपी काढली. तिने वर्षभरात त्याचं डोकं नीट पाहिलंच नव्हतं. मधोमध चांगली पुरीएवढी जागा मोकळी झाली होती.

“हस,” तो म्हणाला. “हसून घे.”

“केसांच्या गोळ्या?”

“हळू बोल! बाहेर पोरी आहेत.” मोठ्या खांद्यांचा तो माणूस अगदी पोरासारखा लाल झाला होता. “आधीच मूल नाही म्हणून लोक बघतात. त्यात टक्कल पडलं तर म्हणतील, हा गेलाच कामातून. दोन घ्यायच्या लिहिलंय, मी चार घेतो. लवकर यावेत म्हणून.”

छोटीने बाटली फिरवली. मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं: बायोटिन, दहा हजार मायक्रोग्रॅम. एका गोळीत! गुणिले चार.

बायोटिन.

“दादा, रक्त दिलंस त्या सकाळी घेतल्या होत्यास?”

“घेतल्या की. चहाबरोबर. मग तासाभराने रक्त दिलं. का?”

तिने बाटली पर्समध्ये कोंबली आणि धूम ठोकली.

टेस्टच्या प्रत्येक खोक्यात एक घडीचा कागद असतो. मुंगीच्या पायांएवढी अक्षरं. छोटीने तो नोकरीच्या पहिल्या आठवड्यात वाचला होता, सगळे वाचतात तसा, म्हणजे अर्धा. लॅबमध्ये पोचल्यावर तिने तो भिंगाखाली धरला आणि मशीन नेमकं काय करतं ते पुन्हा समजून घेतलं.

मशीन हॉर्मोन हाताने उचलून मोजत नाही. ते रक्तात गळ सोडतं. गळाच्या एका टोकाला हॉर्मोन अडकतो आणि दुसऱ्या टोकाला बायोटिन, तेच केसांच्या गोळीतलं जीवनसत्त्व, चिकटवलेलं असतं. ते बायोटिन बारीक मण्यांवर जाऊन घट्ट बसतं. मण्यांवर जे बसलं तेवढं मशीन मोजतं, बाकीचं धुऊन टाकतं. आता रक्तात आधीच बायोटिनचा पूर आला असेल तर? थिएटरात फुकट्यांनी आधीच खुर्च्या अडवाव्यात आणि तिकीटवाल्यांना बाहेर काढावं, तसं होतं. एलएच असतो, एफएसएच असतो, पण त्यांना बसायला जागाच नाही. मशीन म्हणतं, शून्य पॉइंट एक.

आणि टेस्टोस्टेरॉनची टेस्ट उलटी चालते. तिथे मण्यांवर जितकं कमी दिसेल, तितका हॉर्मोन जास्त असं मशीन समजतं. म्हणून तो आकडा दुप्पट!

म्हणजे डिट्टो इंजेक्शनवाल्याचा रिपोर्ट. आणि माणसाने घेतल्या होत्या केसांच्या गोळ्या.

कदाचित. छोटीने स्वतःलाच दटावलं. कदाचित गोळ्याही घेतल्या असतील आणि इंजेक्शनंही. कालपर्यंत तिने ‘कदाचित’ हा शब्द वापरला असता तर आज ही वेळ आली नसती.

नवीन रक्त घ्यायचं तर गोळ्या बंद करून दोन-तीन दिवस थांबायला हवं होतं. हातात होता एक. पण लॅब प्रत्येक नमुना आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवायची, आणि मोठ्या हॉस्पिटलात वेगळ्या पद्धतीचं मशीन होतं, ज्यात बायोटिनचा गळच नव्हता. तोच नमुना तिथे पाठवायचा. त्यासाठी लॅबच्या मुख्य मॅडमची सही लागणार. त्यांना सगळे पाठीमागे ‘करवत’ म्हणायचे. का, ते त्यांच्यासमोर पाच मिनिटं उभं राहिलं की कळायचं.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता छोटी त्यांच्यासमोर उभी राहिली.

“बोल.”

छोटीने सगळं सांगितलं. बाटली टेबलावर ठेवली, कागद ठेवला.

“हा नमुना घरचा आहे हे मशीनला लावताना तुला माहीत होतं?”

“हो.”

“आणि डॉक्टरांच्या आधी तू घरी सांगितलास.”

“हो, मॅडम.”

“अर्थासकट?”

छोटीने मान खाली घातली. “वाट्या मांडून.”

करवतीने चष्मा काढला. “तुझ्यासारखी हुशार मुलगी फार धोक्याची. मठ्ठ असतीस तर नुसते आकडे सांगितले असतेस. तू पटवून दिलंस.” त्यांनी चष्मा परत चढवला. “सोमवारी लेखी खुलासा हवा. नोकरीचं काय ते मग बघू. आणि हॉस्पिटलचे आकडेही असेच आले तर?”

“तर दादा खोटं बोलतोय.”

“तेही घरी सांगशील?”

“नाही. ते डॉक्टर सांगतील.”

करवतीने सही केली. मग लॅबचा रक्ततपासणीचा कोरा फॉर्म पुढे ओढून त्यावर पेनने एक ओळ लिहिली: ‘कोणत्या गोळ्या घेता? केसांच्या, नखांच्या, ताकदीच्यासुद्धा लिहा.’ “आजपासून हे विचारायचं. आणि गेल्या महिन्यातले असे उलटेसुलटे रिपोर्ट किती, ते काढ. तुझा दादा एकटाच टकला नसेल.”

नमुना बर्फाच्या डब्यात बसून साडेदहाला रवाना झाला. दुपारी एक वाजला. दोन वाजले. छोटी बाकावर बसून इतरांच्या नळ्या लावत होती आणि दर पाच मिनिटांनी संगणक बघत होती. तीन वाजता हॉस्पिटलमधून फोन आला, रांग मोठी आहे. तिने वहिनीला फोन लावला. बंद. शाळेत शिक्षकांचे फोन कपाटात ठेवतात हे तिला माहीत होतं, तरी तिने अकरा वेळा लावला.

तिला सारखं तेच दिसत होतं: वहिनीने उचललेली तिसरी वाटी. आकडे पुन्हा शून्याला टेकले तर काय? मग दादाने आपल्यासमोर टोपी काढून जे लाल तोंड केलं, तेही नाटकच? आपला दादा आपल्याला ओळखताच येत नाही की काय?

चार वाजून बावीस मिनिटांनी पडद्यावर ओळी उमटल्या.

एलएच चार पॉइंट सहा. एफएसएच पाच पॉइंट एक. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित, मर्यादेच्या अगदी मधोमध.

चिठ्ठ्या जात होत्या! मेंदू पाठवत होता, पेशी वाचत होत्या, खालून ‘पुरे आता’ही वर पोचत होतं. बाहेरून कोणी काही ओतत नव्हतं.

छोटीने आधी करवतीला दाखवलं. त्यांनी स्वतः डॉक्टरीणबाईंना फोन केला, आपल्या रिपोर्टमध्ये चूक निघाली असं स्पष्ट सांगितलं आणि फोन ठेवून म्हणाल्या, “डॉक्टर म्हणतात, घरच्यांना कळवायला हरकत नाही. पळ. आणि फक्त आकडे सांग.”

तिने दादाला फोन केला. “शाळेत ये. आहेस तसा.”

तो आला तसाच. पोहण्याची चड्डी, वर शर्ट उलटा. शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर, शिक्षकांच्या खोलीत वहिनी एकटीच बसली होती. समोर फॉर्म, सगळे रकाने भरलेले. फक्त सहीची जागा मोकळी. घड्याळात पाचला दहा कमी.

“वहिनी, थांब,” छोटी धापा टाकत म्हणाली. “माझं चुकलं. मशीनचं चुकलं. म्हणजे मशीन फसलं, आणि मी छातीठोकपणे सांगितलं. दादा इंजेक्शनं घेत नाही. हे बघ.”

वहिनीने कागद घेतला. दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून ओळीने वाचले. “फसलं कशाने?”

छोटीने दादाकडे पाहिलं. हे तिने सांगायचं नव्हतं.

दादाने घसा खाकरला. “गोळ्या. केसांच्या.” त्याने डोकं खाली वाकवून दाखवलंच. “तुला कळू नये म्हणून लपवल्या.”

कोणी हसलं नाही. वहिनी त्या डोक्याकडे बराच वेळ बघत राहिली.

“किती दिवस घेताय?”

“आठ महिने.”

“रोज?”

“रोज.”

“एकही दिवस न चुकता?”

दादाला वाटलं कौतुकच चाललंय. “एकही नाही!”

“आठ महिने,” वहिनी म्हणाली. आवाज चढला नाही, तेच जास्त भीतीचं होतं. “केसांसाठी आठ महिने रोज आठवणीने चार गोळ्या. आणि माझ्यासाठी एक तपासणी करायला सहा वर्षं लागली. मी इंजेक्शनांबद्दल चुकले, अहो. तुमच्यावर खोटा आळ घेतला, त्याची माफी मागते. पण मी घरातून का निघाले होते, ते फक्त इंजेक्शनांमुळे नव्हतं, हे मला आत्ता इथे बसून कळलं.”

दादाचे एवढे मोठे खांदे हळूहळू खाली आले. छोटीला वाटलं, आता काहीतरी बोलावं, समजवावं, दोघांच्या मध्ये पडावं. तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

“शून्य तर अजूनही शून्यच आहे ना?” वहिनीने विचारलं. “चिठ्ठ्या पोचतायत, कारखाना चालू आहे, मग माल कुठे जातो?”

छोटीला उत्तराचा अंदाज होता. वाट कुठेतरी बंद असेल, आणि तसं असेल तर त्यावर उपाय असतात. हे सगळं तिच्या जिभेवर आलं होतं. “ते डॉक्टर सांगतील,” ती म्हणाली. आयुष्यात एवढं जड वाक्य तिने कधी उचललं नव्हतं.

“मग विचारायला हवं,” वहिनी म्हणाली. आणि सवयीने तिचा हात फोनच्या कपाटाकडे गेला. सहा वर्षं डॉक्टरांना प्रत्येक फोन तिनेच केला होता.

“थांब,” दादा म्हणाला. त्याने खिशातून स्वतःचा फोन काढला. नंबर त्याच्याकडे नव्हताच, छोटीने सांगितला. एकेक आकडा दाबताना त्याच्या कपाळावर घाम आला होता.

दारात शाळेची कारकूनबाई आली, हातात किल्ल्यांचा जुडगा. “बाई, पाच वाजले. ऑफिस बंद करतेय. तुमचा फॉर्म द्यायचाय ना?”

वहिनीने पेन उचललं. फोनवर कोणीतरी बोलू लागलं होतं. दादा कारकूनबाईकडे बघून अवघडला, भिंतीकडे तोंड करावं की काय अशा विचारात पडला, आणि मग तिच्यासमोरच, पोरींना ओरडतो त्या आवाजात म्हणाला, “हो, तपासणीसाठी वेळ हवीय. नाही, बायकोची नाही. पेशंट मीच आहे.”

कारकूनबाईने भुवया उंचावल्या.

वहिनीने पेनाला टोपण लावलं. “नाही द्यायचा,” ती म्हणाली. “या वर्षी नाही. लावा कुलूप.”

फॉर्म मात्र तिने फाडला नाही. नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला, आणि ते दादाने पाहिलं.